पंपघराच्या भिंतीतला डबा

हौसेला मोल नसतं म्हणतात. बिट्टीच्या बाबाच्या हौसेला मोलही नव्हतं आणि डोकंही नव्हतं, असं बिट्टीच्या आईचं स्पष्ट मत होतं. आठवडाभर हा माणूस लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणार, कोपरापर्यंत ग्रीसने काळा होणार, आणि सुट्टीच्या दिवशी पाय पसरून पडायचं सोडून मोबाइल नाकासमोर धरून पुलाखाली, झुडपांत, बाकड्यांच्या बुडाशी हात घालत फिरणार. कशासाठी, तर कुणीतरी लपवलेला डबा शोधायला. बरं, त्यात सोनंनाणं निघावं तर तेही नाही. एक दमट वही, पेन्सिलीचा तुकडा आणि चार फुटकळ खेळणी.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत तारीख घालून सही करायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू आवडली तर खुशाल घ्यावी, पण तिच्या बरोबरीचं किंवा त्याहून चांगलं काहीतरी ठेवावं, एवढा एकच नियम सगळे पाळतात. डबा लपवणाऱ्याला मात्र सुटका नाही. त्याने अधूनमधून जाऊन डबा पुसायचा, वही बदलायची, झाकण नीट बसतंय ना ते बघायचं. मोजणीकाका म्हणायचे की लपवणं सोपं, निस्तरणं अवघड, संसाराचंही तेच आहे.

मोजणीकाका हे या खेळातले बुजुर्ग. उभा जन्म त्यांनी सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात आणि त्यावरची भांडणं ऐकण्यात घालवला होता. आता सत्तरीत गावभर त्यांचे एकतीस डबे होते आणि प्रत्येकावर त्यांचा डोळा होता. वहीत सही सापडली नाही की ते वेबसाइटवरची ‘सापडला’ ही नोंद सरळ खोडून टाकत. मग समोरचा मंत्री असो की जावई.

आणि बिट्टी. वय वर्षं सात, पुढचे दोन दात गायब, वजन एकवीस किलो. वजन एवढं नेमकं ठाऊक असायचं कारण असं की त्यांच्याच इमारतीची लिफ्ट तपासताना बाबा तिला आत उभं करायचा आणि दाराशेजारच्या कंट्रोलच्या कपाटातला वजनाचा आकडा वाचायचा. एकवीस, म्हणजे लिफ्ट शहाणी आहे, असं तो जाहीर करायचा. चालतंबोलतं माप घरात असताना दुकानातलं कशाला, हा त्याचा विनोद त्याला फार आवडायचा. बिट्टीलाही आवडायचा, म्हणून तो टिकला होता.

त्या रविवारी दुपारी दोघं मोजणीकाकांचा एक डबा शोधायला जुन्या पंपघरापाशी गेले. पंपघर बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. लोखंडी फाटक गंजून अर्धवट उघडं अडकलेलं, आत पाणी निवळायच्या दोन कोरड्या टाक्या आणि मधोमध दगडविटांची लांबलचक भिंत. मोबाइलचा बाण भिंतीवर येऊन थांबला. मोबाइल पाच-सहा मीटर इकडेतिकडे दाखवतोच, हे या खेळात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबाने विटा चाचपल्या. एक हलली. तिच्यामागे पत्र्याचा चौकोनी डबा होता.

डब्यावर खेळाचं स्टिकर नव्हतं. एरवी ते असतं. आत ‘हा डबा कुणाचा, काय करावं’ सांगणारी चिठ्ठीही असते, तीही नव्हती. गळून गेलं असेल, असं बाबा म्हणाला. वही होती आणि तिची बरीच पानं भरलेली होती, तेवढं त्याला पुरे झालं. खरं सांगायचं तर या खेळात दुसऱ्याने काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. मोकळी ओळ दिसली की सही ठोकायची आणि झाकण लावायचं. बाबानेही तेच केलं. डब्यात गोट्या होत्या, रंगीत खडू होते, एक छोटा कंगवा होता आणि एक लाल शिट्टी. बिट्टीने शिट्टीवर झडप घातली. बदल्यात ठेवायला बाबाच्या खिशात तिचीच एक केसांची क्लिप निघाली. त्याने वहीत लिहिलं: “बिट्टी आणि बाबा. शिट्टी घेतली, क्लिप ठेवली. मजा आली.”

परतीच्या वाटेवर बिट्टीने शिट्टी एवढी वाजवली की बाबाला आपल्या सौद्याचा पश्चात्ताप झाला. तो खरा पश्चात्ताप नव्हता. खरा यायचा होता.

सोमवारी बिट्टीची एक पिवळी चप्पल सापडेना. घरात पोर असलं की चपला हरवतातच. पण बाबाने विचारलं तेव्हा तिची आई म्हणाली, “कुठली पिवळी चप्पल?” आणि ती चेष्टा करत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी दुकानात तासभर घासाघीस करून तिनेच ती घेतली होती. मंगळवारी फ्रिजवरचं बिट्टीचं चित्र गेलं. त्याला धरून ठेवणारी दोन चुंबकं जागच्या जागी होती आणि त्यांच्यामध्ये काही नव्हतं. तिथे कधी चित्र होतं हेही आईला आठवेना. बुधवारी शाळेतून आल्यावर बिट्टीने सांगितलं की बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलंच नाही. तिला ती गंमत वाटली होती. पण सांगताना ती हसली नाही, आणि बाबाच्या लक्षात आलं की मंगळवारपासून ती एकदाही हसलेली नाही.

गुरुवारी लिफ्टचं दार तिच्यावर मिटलं.

लिफ्टच्या दाराच्या कडेला किरणांची पट्टी असते. मध्ये काही आलं, अगदी काठी आली, तरी दार मागे जातं. बाबाने हे हजार वेळा लोकांना समजावलं होतं. बिट्टी उंबऱ्यावर उभी होती आणि दार तिच्या खांद्याला लागेपर्यंत मिटत आलं, जसं काही तिथे कुणी नाहीच. बाबाने तिला खेचून घेतलं. मग हात घालून बघितला, झाडू घालून बघितला. दार प्रत्येक वेळी मुकाट मागे गेलं. त्याने बिट्टीला पुन्हा उभं केलं आणि दार पुन्हा मिटू लागलं. मग त्याने तिला लिफ्टच्या आत उभं केलं आणि कपाटातला आकडा बघितला. सतरा.

वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला कुठलं यंत्र बिघडलंय आणि कुठलं खरं बोलतंय ते कळतं. त्याने स्वतः आत उभं राहून बघितलं. त्याचं वजन बरोबर होतं.

रात्रीच्या जेवणाला आईने दोनच ताटं घेतली. बाबाने नुसतं बिट्टीकडे बोट दाखवलं. आई क्षणभर त्या खुर्चीकडे बघत राहिली, एखादं विसरलेलं नाव आठवावं तशी, आणि मग गडबडीने उठून तिसरं ताट आणताना म्हणाली, “अगं, तू इथेच होतीस होय?”

शुक्रवारी सकाळी मोजणीकाकांचा फोन आला. वही बदलायला ते पंपघरात जाऊन आले होते. वेबसाइटवर बाबाने ‘सापडला’ लिहिलं होतं, पण वहीत सही नव्हती, तेव्हा नोंद खोडली आहे, राग मानू नये. बाबाने शपथेवर सांगितलं की सही केली, विटेमागच्या पत्र्याच्या डब्यात. काकांनी कुठली वीट, कसला डबा ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले की त्यांचा डबा हिरव्या प्लास्टिकचा आहे, भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, लोखंडी शिडीच्या पायथ्याशी. पत्र्याचा डबा त्यांचा नाही. त्या आवारात दुसऱ्या कुणाचाच डबा नाही.

तासाभरात दोघं तिथे होते, आणि वाटेत बाबाने बिट्टीचं सगळं काकांना सांगितलं होतं. लख्ख ऊन पडलं होतं. बाबाने वीट काढली, काकांनी चष्मा पुसून वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मोजणी खात्यातला माणूस, कागद हातात आला की पहिल्या ओळीपासून वाचणार. बाबाने रविवारी एवढंच केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

सगळ्या नोंदी एकाच हाताच्या होत्या. बाईचं अक्षर, ठसठशीत. गोट्या ठेवल्या. खडू ठेवले, निळा दोनदा ठेवला, तुला निळा लागतो. कंगवा ठेवला. पानामागून पानं नुसतं ठेवणं, घेणं कुठेच नाही. आणि एका पानावर: “आज सात वर्षांची झाली असतीस. शिट्टी ठेवली. तू मागत होतीस आणि मी आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिले. ही असती तर तू वाजवली असतीस आणि मी ऐकलं असतं.”

काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली. पंप चालवायला इथे एक बाई होत्या, असं त्यांनी सांगितलं. मागेपुढे कुणी नाही, एकटी मुलगी. कामावर सोबत आणायच्या. एके दुपारी पंपांच्या आवाजात मुलगी टाकीत पडल्याचं कुणाला कळलं नाही. पंपघर बंद झालं तरी बाई इथे यायच्या, फाटकाशी भेटायच्या. काकांना वाटायचं की जुन्या जागेची ओढ असेल. गेल्या वर्षी त्याही गेल्या.

मग त्यांनी वही पुन्हा उघडली. बाबाच्या “मजा आली” खाली नव्या ओळी होत्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, ओळ सोडून वरखाली गेलेल्या.

“चप्पल घेतली.”

“चित्र घेतलं.”

“हसू घेतलं.”

“आज थोडी बिट्टी घेतली.”

डब्यात चप्पल नव्हती, चित्र नव्हतं. गोट्या, खडू, कंगवा आणि ती क्लिप. बाबा डब्यासमोर खाली बसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलायचं ते बोललेच. जन्मभर हद्दी दाखवलेल्या माणसाला गोड बोलता येत नाही.

“इथे आजवर कुणी काही घेतलं नव्हतं,” ते म्हणाले. “नुसतं ठेवलं जायचं. इथून घेता येतं, हे तू शिकवलंस तिला.”

बाबाने शिट्टी बरोबर आणली होती. ती त्याने डब्यात ठेवली, क्लिप काढून घेतली आणि लिहिलं: “चूक झाली. शिट्टी परत ठेवली.” वीट बसवली. घरी येऊन त्याने क्लिप बिट्टीच्या केसांत लावली. ती घसरून खाली पडली, पुन्हा लावली तर पुन्हा पडली.

शनिवारी लिफ्टने बारा किलो दाखवले. बिट्टी आता भिंतीला धरून चालत होती आणि बोलताना तिचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. आई तिच्यासमोरून गेली तरी थांबत नव्हती. बाबाने हाक मारून दाखवलं की ती चपापायची, पोरीला छातीशी धरून रडायची आणि अर्ध्या तासात सगळं विसरून कपडे वाळत घालायला जायची. घरात विसरत नव्हता तो एक बाबाच. वहीत सही त्याची होती.

तो धावत पंपघरात गेला. वहीत नवी ओळ होती.

“शिट्टी वाजवली. कुणी आलं नाही. आज अजून थोडी घेतली.”

त्याने काय काय करून बघितलं नाही! दुकानातली सगळ्यात मोठी बाहुली आणून ठेवली. स्वतःचं घड्याळ ठेवलं. वही जाळावी असंही मनात आलं, पण काकांनी फोनवरच दटावलं की वहीत बिट्टीचा हिशोब आहे, वही गेली तर परत काय मागणार आणि कुणाकडे? सिमेंटने वीट कायमची बंद करू का, असं त्याने विचारलं, तर काका म्हणाले की बंद करशील, पण तुझी बिट्टी कुठल्या बाजूला राहील ते आधी ठरव. बरोबरीचं ठेव, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. बरोबरीचं काय ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते बोलत नव्हते. त्यांनाही मुलं होती.

रविवारी सकाळी कपाटातला आकडा सहा होता. बिट्टी लिफ्टच्या कोपऱ्यात बसली होती आणि मागची स्टीलची भिंत तिच्यातून अंधुक दिसत होती.

“बाबा, मला कुणीतरी बोलावतंय,” ती म्हणाली. “जाऊ का? ती एकटीच आहे.”

तेव्हा त्याला कळलं. टाकीत गेलेल्या त्या पोरीने बाहुलीला हात लावला नव्हता, घड्याळाला लावला नव्हता, शिट्टी वाजवून बाजूला ठेवली होती. तिला वस्तू नकोच होत्या. शिट्टी वाजवल्यावर येणारं माणूस हवं होतं. ते माणूस गेल्या वर्षापासून येत नव्हतं, आणि त्यानंतर त्या डब्याला हात लावणारा पहिला माणूस तोच होता.

त्याने बिट्टीला उचललं. उचललं काय, हातात काही आलंच नाही. तिला घरात नेऊन पलंगावर ठेवलं. आई स्वयंपाकघरात होती. तिच्या मागे जाऊन तो क्षणभर उभा राहिला, तिच्या मानेवरची सुटलेली बट त्याने कानामागे सारली. हात ओले आहेत माझे, मध्ये मध्ये करू नको, असं ती म्हणाली. एवढं बोलणं त्याने बरोबर घेतलं आणि लिफ्ट तपासताना घातलेला डगला, खांद्यावरची हत्यारांची पिशवी तशीच ठेवून तो निघाला. डब्यात जे जातं त्याचं घरात काय होतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याला फसवलं असं कुणी म्हणू नये.

पंपघरात चिटपाखरू नव्हतं. भिंतीवर ऊन आलं होतं आणि वीट कोमट लागत होती. त्याने वही गुडघ्यावर ठेवून मोकळी ओळ शोधली, आणि या वेळी आधीचं सगळं पुन्हा एकदा वाचलं. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: “बिट्टी सगळी परत घेतली. बिट्टीचा बाबा ठेवला.” खाली तारीख घातली, सही केली.

काही झालं नाही. वारासुद्धा हलला नाही. त्याने डबा होता तसा ठेवला, वीट बसवली आणि मागे वळला, तोच त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीला कुणीतरी धरलं. लहान हात होता आणि गार होता. फाटकापर्यंत तो हात बरोबर आला. तिथे सुटला. उद्या येईन, असं बाबा मोठ्याने म्हणाला, आणि आपण खरंच येणार आहोत हे त्याला आतून पक्कं कळलं.

तो जिना चढून घरी आला. लिफ्टने यायचा धीर झाला नाही. किल्ली हातात होती, तीच किल्ली, पण ती कुलपात शिरेना. त्याने बेल वाजवली.

आतून धाड धाड पावलं आली. सात वर्षांची, भक्कम, अख्ख्या इमारतीला ऐकू जातील अशी पावलं. दार उघडलं. बिट्टीच्या पायांत दोन्ही पिवळ्या चपला होत्या, गाल लालबुंद होते, आणि कुठल्या तरी गोष्टीवर ती आधीपासून हसत होती. हसू तसंच ठेवून तिने त्याच्याकडे मान वर करून बघितलं. त्याचा ग्रीसचे डाग पडलेला निळा डगला बघितला, खांद्यावरची हत्यारांची पिशवी बघितली.

“आई,” ती आत वळून ओरडली, “लिफ्टचे काका आलेत.”

आई हात पुसत बाहेर आली. आमची लिफ्ट तर चालू आहे, तक्रार कुणी केली, असं तिने नीट, परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं. तिची बट पुन्हा सुटली होती. बाबाने हात खिशात घातले. नुसती बघायला आलो होतो, असं तो म्हणाला, सगळं ठीक आहे ना ते. सगळं ठीक आहे, ती म्हणाली. गॅसवर काहीतरी होतं, म्हणून ती आत गेली.

बिट्टी मात्र दारातच होती. तिला त्याच्या तोंडाकडे बघून काय वाटलं कुणास ठाऊक.

“काका, तुम्हाला पाणी देऊ का?”

त्याने मान हलवली. तिने दोन्ही हातांनी पेला धरून, न सांडता, जपून आणला. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून पाणी प्यायला, घोट घोट करत, एक पेला पाणी प्यायला माणसाला लागू शकेल तेवढा सगळा वेळ घेत. ती समोर उभी राहून वाट बघत होती. पेला रिकामा झाला, तो त्याने तिच्या हातात दिला, आणि तिने दार लावून घेतलं.